मशीन येणार म्हणून शाळा सारवली

पत्रकातली ती ओळ मीच लिहिली होती, हे आधीच सांगून टाकतो. छापली गेली मी ज्या संघटनेत काम करतो तिच्या नावाने, पण हात माझा होता. ओळ अशी होती: 'लेझर मशीन भिंतीच्या आत शिरून खरं बाहेर काढते.' ती लिहिली तोवर मी लेझर मशीन डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. एका मित्राच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. तिपाईवर ठेवलेला डबा गोल फिरतो आणि मग कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी राहते, काचेसारखी, आरपार. या भिंतीतून त्या खोलीतलं दिसतं. आरपार दिसतंय म्हणजे आत शिरत असणार, असं मी धरून चाललो. कुणाला विचारलं नाही. पत्रक लिहिणाऱ्याला विचारायची सवय नसते, सांगायची असते.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, चहूकडून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. शाळा पाचवीपर्यंतची. दोन खोल्या आणि पुढे वऱ्हांडा. त्यातल्या दुसऱ्या खोलीत मी शिकलो, आणि आता माझ्या बहिणीची पोरगी त्याच खोलीत तिसरीत बसते. मी शिकत होतो तेव्हा त्या खोलीच्या छताला मधोमध एक बारीक भेग होती. आम्ही तिला नदी म्हणायचो. भाची शाळेत जायला लागली तोवर त्या नदीला फाटे फुटले होते, बीमचं सिमेंट गळून आतली गंजकी सळई बाहेर आली होती, आणि बीमखाली मांडवाच्या तीन लाकडी बल्ल्या टेकू म्हणून लावल्या होत्या. तात्पुरत्या. पंचायतीने असंच म्हटलं होतं. पोरांना त्या बल्ल्यांची इतकी सवय झाली की मधल्या सुट्टीत ती त्यांच्याभोवती गोल फिरून शिवाशिवी खेळत. सरांनी तीनपैकी एका बल्लीला खिळा ठोकून हजेरीपट अडकवला होता.

अशा इमारतीवर सरकारने आणखी दोन खोल्या चढवायचं ठरवलं. वरचा माळा. गावात आनंद झाला, मी खोटं कशाला बोलू. पोरं दोन खोल्यांत मावत नव्हती. आमच्या संघटनेचं म्हणणं एवढंच होतं की वर चढवू नका, ही पाडा आणि नवी बांधा. ज्या छताखाली टेकू आहेत त्याच्या डोक्यावर विटा ठेवता येत नाहीत, हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

पण कागद इंजिनिअरच करतात. लाखांदूरच्या बांधकाम ऑफिसातून एक माणूस टेप घेऊन आला, मैदानातल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसला, चहा प्याला, गेला. महिन्याभराने मी माहितीच्या अधिकारात त्याचा नकाशा मिळवला. नकाशात आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला खिडकी होती. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला खिडकी नाही, कधीच नव्हती. ती शेजारच्या गावच्या शाळेला आहे. म्हणजे त्याने तिकडचा नकाशा काढून आमचं नाव टाकलं होतं. टेकू अर्थातच नव्हते. यावर मी पहिलं पत्रक लिहिलं, आणि ते चांगलं होतं, हे आजही म्हणतो. लोक चिडले. धान कापणीच्या हंगामात बाया खाडे करून एसटीने लाखांदूरला आल्या आणि ऑफिससमोर दोन दिवस बसल्या. जिल्ह्यातल्या काही जुन्या इमारती लेझरने मोजायला नागपूरची एक एजन्सी नेमली होती, त्या यादीत आमच्या शाळेचं नाव घालायला लावलं. टेप नको, मशीन आणा. ही घोषणाही माझीच.

मग ते दुसरं पत्रक, ज्यात ती ओळ होती. घरोघरी वाटलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसून वाचून दाखवलं.

मशीनची तारीख आली ती मंडईच्या दिवसांत. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात. त्याआधी प्रत्येक घर छुईने, म्हणजे पांढऱ्या मातीने, पोतलं जातं. अंगण शेणाने सारवतात. भिंतीला भेग असेल तर आधी माती आणि भुशाचा गिलावा भरून मग वरून छुई. पाहुण्याला भेग दिसणं म्हणजे आपलं आत सगळं ठीक नाही हे गावाला कळणं. हे कुणी शिकवत नाही. आमच्या आया ते करत आल्या आणि आम्ही बादल्या वाहत आलो.

आदले दोन दिवस मी भंडाऱ्याला बैठकीत होतो. बैठक कशाची होती ते आता आठवतही नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो आणि लाखांदूरला उतरून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून गावात आलो. शाळा लांबूनच दिसली. एवढी पांढरी शाळा मी जन्मात पाहिली नव्हती. वऱ्हांड्यापुढे सडा, रांगोळी, दाराला आंब्याची पानं. भिंतीवरची ओल गायब. छतावरची नदी बुजवलेली. उघडी सळई होती तिथे सिमेंट थापून वरून हात फिरवलेला, इतका सफाईने की मला जागा शोधावी लागली.

टेकू नव्हते.

खोली मोकळी, मोठी दिसत होती. फरशीवर बल्ल्यांच्या बुडाचे तीन खड्डे होते, तेही शेणमातीने भरून घेतलेले. हजेरीपट भिंतीवर टांगला होता.

शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी काकी वऱ्हांड्यात छुईची बादली घेऊन शेवटचा हात मारत होती. ती आमच्या गल्लीपलीकडची, धानवाल्या कुणब्याच्या घरची. आमची वस्ती वेगळी, विहाराकडची. पण पोरांच्या ताटात तीच वाढते, आणि धरण्याच्या दोन्ही दिवशी माझ्या शेजारी तीच बसली होती. टेकू कुठं गेले, मी विचारलं. मागे ठेवले म्हणाली. मशीनवाल्यांच्या पत्रात खोल्या मोकळ्या ठेवा असं लिहिलंय, सरांनी वाचून दाखवलं. अन् तसंही, ती म्हणाली, नागपूरचे लोकं येऊन रायले, त्याईच्यापुढं आपली शाळा काठ्या टेकून उभी, बरं दिसते का?

मी म्हटलं, काकी, पण तेच तर दाखवायचं होतं.

तिने बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच काहीतरी विसरलो होतो.

"तूच त लिवलं होतं ना बाबू, का मशीन भिंतीच्या आतलं पायते म्हणून? मंग वरून लिपलं त तिचं काय बिघडते?"

मला ते पटलं. खरंच, आतलंच पाहणार असेल तर वरून पांढरं असलं काय नि काळं असलं काय. टेकू नसले तरी बीम आतून किती कुजलाय ते येईलच की. माझ्याच पत्रकाने मला समजावलं, आणि मी समजलो. वर हेही कबूल करतो की शाळा तशी पाहून छाती फुगली. आमच्या गावाची शाळा.

मशीन घेऊन एक मुलगी आली, माझ्याच वयाची असेल, आणि तिच्याबरोबर ड्रायव्हर. तिने भिंतींवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कागद चिकटवले, कोपऱ्यांत पांढरे चेंडू ठेवले. ते खुणेसाठी, म्हणजे एका जागेवरून घेतलेलं माप दुसऱ्या जागेवरच्या मापाला जुळवता येतं. मग तिपाई लावून सगळ्यांना बाहेर काढलं. मशीन गरगरली, थांबली, तिने तिपाई उचलली, दुसरीकडे लावली. दर वेळी काही मिनिटं. अख्खं गाव मैदानात उभं राहून पाहत होतं. एका म्हाताऱ्याने मशीनला हात जोडले आणि बाकीचे हसले. सर इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या मागेमागे. तिने एक फॉर्म पुढे केला, इमारत आहे त्या स्थितीत दाखवली असं लिहिलेला. सरांनी सही केली. आहे ती स्थिती आदल्या संध्याकाळपासूनचीच होती, पण फॉर्मवर तसं काही विचारलेलं नव्हतं.

दुपारी काकीने तिला जेवायला वाढलं. भात, लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी. मी शेजारी बसलो आणि सहज, म्हणजे माहिती आहे पण तिच्या तोंडून ऐकायची आहे अशा थाटात, विचारलं की भिंतीच्या किती आतपर्यंत जातं हे.

ती हसली. वाईट हसली नाही, रोज कुणीतरी विचारत असावं.

"दादा, हा काही एक्स-रे नाही. लाइट जातो, जिथं टेकतो तिथून वापस येतो. चुन्यावर टेकला तर चुन्याचं माप. मागे काय आहे ते याला दिसतच नाही."

मग ते कॉम्प्युटरवर आरपार कसं दिसतं, मी विचारलं. तर ते नुसते ठिपके असतात, म्हणाली. लाखो ठिपके. ठिपक्यांच्या मधून पलीकडचे ठिपके दिसतात, एवढंच.

माझ्या हातात घास होता. समोर सर, काकी, पंचायतीचे दोघे, दारात पोरं. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. मॅडम, या खोलीत काल तीन टेकू होते, ही भेग परवा बुजवली, तुमचं सगळं माप खोटं आहे, टेकू लावून पुन्हा घ्या. चार वाक्यं. मी भंडाऱ्याच्या चौकात माइकवर अर्धा अर्धा तास बोलतो. जिल्ह्याच्या साहेबांना तोंडावर खोटारडे म्हटलेलं आहे. पण त्या पंगतीत, जिथे काकीने पहाटेपासून राबून तिच्यासाठी रांधलं होतं आणि गाव शाळेकडे लग्नघरासारखं पाहत होतं, तिथे मला ते म्हणता आलं नाही. नंतर फोन करू, असं स्वतःला सांगितलं. ती गाडीत बसली, सरांनी नारळ दिला, गाडी वळली, तळ्याच्या पाळीवरून दिसेनाशी झाली. एवढा सगळा वेळ माझ्याकडे होता.

गाडी गेल्यावर गड्यांनी बल्ल्या परत आणून लावल्या. सवयीनेच. त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटलं नाही.

फोन चौथ्या दिवशी केला. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली की तिचं काम जे दिसलं ते देणं, बाकी ऑफिसला लेखी कळवा. तिच्या हातात एवढंच की शेऱ्यात एक ओळ टाकते. आणि मग तिला आठवलं. वऱ्हांड्यातल्या मापात एक बाई आली होती, अर्धीच, हातात बादली, हलली म्हणून विरळ झालेली. अशी माणसं मापात आली की ती पुसून टाकतात. कचरा म्हणतात त्याला. काल पुसली, ती म्हणाली.

म्हणजे शाळा रंगवली गेली याचा त्या सगळ्या लाखो ठिपक्यांमध्ये एकच पुरावा होता, काकी. तिलाच पुसून टाकलं. नियमाप्रमाणे.

अहवाल आला तेव्हा मी ऑफिसात गेलो. इंजिनिअर साहेबांनी खुर्ची दिली, हे विशेष. एरवी देत नाहीत. कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून शाळा फिरवून दाखवली. पांढरी शुभ्र, कोपरे काटकोनात, खोल्या मोकळ्या. छताला मध्ये थोडा झोळ आहे, पण जुन्या स्लॅबला तो असतोच, मर्यादेत आहे. भेगा आढळल्या नाहीत. आधाराशिवाय उभी आहे. वरचा माळा मंजूर. शेऱ्यातली ओळ कुठाय, मी विचारलं. शेरे जोडपत्रात असतात, जोडपत्र एजन्सीकडे असतं.

मी सगळं सांगितलं. छुई, सिमेंट, बल्ल्या. मोबाइलमधले जुने फोटो दाखवले. त्यांनी फोटो पाहिलेच नाहीत. फाइल उघडली आणि त्यातून माझं पत्रक काढलं, नीट भोक पाडून लावलेलं, त्या ओळीखाली लाल पेनाची रेघ.

"तुम्हीच लिहिता भिंतीच्या आत शिरून खरं काढते. काढलं तिने. आता खरं आवडत नाही का तुम्हाला?"

साहेब हरामखोर आहेत असं लिहून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. त्या मागच्या खिडकीच्या नकाशावर सही त्यांचीच होती. पण या वेळी त्यांच्या हातात जो कागद होता तो मी त्यांना दिला होता. शेवटी ते म्हणाले, ग्रामसभेचा ठराव आणा. मोजणीआधी आम्ही इमारतीचे दोष झाकले आणि आधार काढले, असा. सह्यांसकट. मग पुन्हा मशीन पाठवायचा विचार करू.

ग्रामसभा शाळेच्याच मैदानात झाली. मी ठराव वाचला. सर सगळ्यांत मागे उभे होते. त्यांची नोकरी त्या फॉर्मवरच्या सहीत अडकली होती, ते माझ्याकडे बघतच नव्हते. मग पंचायतीतला एक जण उठला. म्हणाला, झाकले म्हणजे काय? आम्ही काय चोर आहो? शाळा साफ केली, हा गुन्हा कधीपासून झाला? आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"तू त पत्रक वाटून भंडाऱ्याले निंगून जाशीन गा. मंग पोलीस कोणाच्या दारात येतीन?"

लोक हसले. मी चिडून बोललो, नको ते बोललो. पोरं मेली तर पाहुण्यांना दाखवायला भिंत तरी पांढरी राहील, असं काहीतरी. त्यावर दोन आया उठून निघून गेल्या. धरण्याला लाखांदूरला आलेल्या होत्या त्या. मला वाटलं होतं मी त्यांना लाज आणतोय. मी त्यांना अपशकुन करत होतो.

शेवटी काकी पुढे आली. तिचं मानधनही त्याच शाळेतून येतं, सरांच्याच सहीने. तिने माझ्या हातातला कागद घेतला, मांडीवर ठेवला आणि पेन मागितलं. कुणीतरी तिला काहून करतं तू म्हणून हटकलं. ती वर न बघता म्हणाली, "मी लिपलं, त मीच लिवून देतो. कोणी काई म्हणो." तिला सही करायला वेळ लागला. तिच्याखाली मी केली. तिसरी सही नाही झाली.

उत्तर पंधरा दिवसांत आलं. दोन सह्या म्हणजे ठराव नव्हे. शिवाय दोनपैकी एक अर्जदार पालक नसल्याचं दिसून येतं. तो मी. पोरगी माझी नाही, बहिणीची.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. ठेकेदाराच्या माणसांनी स्लॅबवर सळया ठोकायला छिद्रं पाडली तेव्हा खाली छुईचे पापुद्रे पडले आणि नदी पुन्हा दिसायला लागली, पहिल्यापेक्षा रुंद. मी ठेकेदाराला बोलावून दाखवली. त्याने नकाशा उघडून मला दाखवला की इथे भेग नाही. हे तो थट्टेने म्हणत नव्हता. त्याच्या लेखी नकाशा मशीनचा होता आणि भेग माझी होती.

आता पाऊस सुरू आहे, शाळा भरते आहे, वर विटांच्या भिंती खांद्याएवढ्या झाल्या आहेत. मी बहिणीला म्हटलं, पोरीला पाठवू नको. ती म्हणाली, मंग कुठं पाठवू, सांग. लाखांदूरच्या शाळेची गाडी आमच्या रस्त्याने येत नाही. आम्ही वरिष्ठ कार्यालयात अर्ज केलेत, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, त्या अर्जांचं काय करतात ते मला माहीत आहे.

रोज सकाळी भाचीला मीच सोडतो. तिला सांगून ठेवलंय, दाराजवळ बस. का ते सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात ती रडत घरी आली, दाराजवळ जागा मिळत नाही म्हणून. मी जाऊन पाहिलं. अख्खा वर्ग दारापाशी दाटीने बसला होता, एकमेकांच्या मांडीवर, आणि खोलीचा मधला भाग रिकामा. सर फळ्याजवळून ओरडत होते, पसरून बसा. कुणी हलत नव्हतं. ग्रामसभेत 'आम्ही काय चोर आहो' म्हणालेल्या त्या पंचायतीतल्या माणसाचा पोरगा उंबऱ्यालाच टेकून बसला होता. त्याला विचारलं, इथंच काहून बसतोस रे. तो म्हणाला, बाबानं सांगतलं.